बाईंची डावी बाजू

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा राहून कबुतरांना सांभाळणारा नव्हे, वर्गात शिकवायला ठेवतात तसला. डोक्यापासून मांड्यांपर्यंत माझे शरीर आहे आणि त्याखाली चाके लावलेला लाकडी पाट आहे. छाती-पोटावरचे झाकण निघते आणि आतला एकेक अवयव काढून हातात घेता येतो. मित्रांनो, काळीज फाटले, काळजाचे पाणी झाले, असे तुम्ही लोक येता-जाता म्हणता. माझे काळीज मात्र खरोखरच कितीदा तरी टेबलावर डस्टरच्या शेजारी पडून राहिले आहे आणि संध्याकाळी कोणीतरी आठवणीने परत बसवले आहे.

माझा जन्म एका लांबट, गार कारखान्यात झाला. कागदाचा लगदा आणि सरस कालवून साच्यात थापला, वाळवला, घासला आणि मी उभा राहिलो. नुसत्या रक्तवाहिन्या रंगवायला तिथे एक रंगारीण होती. बारीक कुंचल्याने लाल आणि निळ्या रेघा ओढता ओढता ती शेजारणीला म्हणाली, "याला आई ना बाप, पण शिरा बघ, सगळ्या जागच्या जागी." माझे दोन्ही हात अंगालगत खाली सोडलेले आहेत आणि तळहात तेवढे समोर फिरवलेले आहेत. शरीर शिकवायचे तर त्याला असेच उभे करतात. "माझ्याकडे काही नाही हो," असे सांगणाऱ्या माणसासारखा मी जन्मापासून उभा आहे. पुढे ते खरेच ठरायचे होते, पण तेव्हा मला त्याचे हसू येई.

तिथून मी नर्सिंगच्या शाळेत आलो. उंच खिडक्यांची खोली होती, कोपऱ्यात हात धुवायचे बेसिन आणि अर्धवर्तुळात मांडलेली स्टुले. तिथेच मला बाई भेटल्या. त्यांना सगळे नुसते बाईच म्हणत. ठेंगण्या, चटपटीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, माझ्या हनुवटीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मुलींना म्हणाल्या, "हा आपला सगळ्यात शहाणा विद्यार्थी. प्रश्न विचारत नाही, हलत नाही आणि डबा वर्गात उघडत नाही."

बाईंचे शिकवणे साधे असे. आधी त्या माझे मोठे भाग पाडत. हे डोके, ही मान, हे धड. धडात वर छाती, मध्ये पोट, खाली कटी. मग हात आणि पाय. पायांचा माझ्याकडे दुष्काळ, म्हणून गुडघा आणि घोटा त्या स्वतःचाच पाय स्टुलावर ठेवून दाखवत. पोटावर खडूने दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढून नऊ घरे करत आणि कोणत्या घरात काय राहते ते विचारत. बाईंची पाठ वळली की त्याच घरांत मुली फुली-गोळा खेळत. माझ्या बेंबीच्या घरात पहिली फुली टाकणारी हमखास जिंकायची.

मग दिशा येत. "दिशा खोलीच्या नसतात, शरीराच्या असतात," हे त्यांचे पालुपद होते. डोक्याकडची ती वरची, पायांकडची ती खालची, मग माणूस उभा असो की खाटेवर आडवा. पोटाकडची पुढची, पाठीकडची मागची. अंगाच्या मधल्या रेघेकडे सरकले की आतली बाजू, रेघेपासून दूर गेले की बाहेरची. हातापायाला निराळा हिशेब. मुळाशी असते ते जवळचे, टोकाशी असते ते दूरचे. एखादी मुलगी हात डोक्यावर नेऊन म्हणे, "बाई, आता माझं मनगट कोपराच्या वर आहे." बाई म्हणत, "तुझं मनगट वर गेलंय, अक्कल खाली राहिलीय. खांद्यापासून मोज." सगळा वर्ग हसे. जिचे चुकले तीही हसे.

पण बाई एका ठिकाणी कधी हसल्या नाहीत. ते म्हणजे डावे-उजवे. समोरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला माझा डावा हात येतो. नवी मुलगी हटकून फसते आणि माझ्या डाव्याला उजवा म्हणते. म्हणून बाईंनी एक नियम घालून दिला होता. बाजू सांगायची असेल तर जागेवरून सांगायची नाही. उठायचे, माझ्या मागे येऊन उभे राहायचे, दोन्ही तळवे माझ्या दोन्ही खांद्यांवर टेकायचे आणि मग म्हणायचे, "हा उजवा, हा डावा." असे केले की तिचे उजवे ते माझे उजवे. चुकायला जागाच नाही.

या कडकपणाला कारण होते. बाई स्वतः नव्या असताना त्यांच्या वॉर्डात एका माणसाच्या धडधाकट पायाला प्लास्टर चढले होते. "तो बिचारा दुसरा, दुसरा म्हणत होता," बाई सांगत, "आणि आम्हाला वाटलं, कळा येतायत म्हणून बरळतोय." हे सांगताना त्या मुलींकडे न बघता माझ्याकडे बघत.

ती माझी भरभराटीची वर्षे होती. माझ्या खांद्यांचा रंग हातांनी घासून उडाला, तो मला बक्षिसासारखा वाटे. शिकून गेलेल्या मुली कधीतरी भेटायला येत, आपापल्या इस्पितळांतल्या गोष्टी सांगत आणि निघताना सवयीने माझ्या मागे उभ्या राहून खांद्यांवर हात टेकून जात.

पुढे शाळेत पडदे आले. बोट लावले की पडद्यावरचे हृदय धडधडते, फुफ्फुसे फुगतात, सगळे शरीर भिंगरीसारखे फिरते. माझे हृदय आयुष्यात एकदाही धडधडले नव्हते, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार? शाळेच्या शिपायाने, ज्याला सगळे मामा म्हणत, मला ढकलत नेऊन जिन्याखाली उभे केले. चार दिवसांत माझ्या समोर फिरवलेल्या तळहातांवर छत्र्या लटकू लागल्या. डोक्यावर कोणाची तरी टोपी आली. मानाचा मुजरा झाला नाही तरी निदान खुंटी म्हणून माझी सोय झाली.

बाई मात्र मला विसरल्या नाहीत. डावे-उजवे शिकवायचे असले की त्या मुलींना जिन्याखाली घेऊन येत, छत्र्या उतरवत आणि म्हणत, "त्या पडद्याच्या मागे उभं राहता येत नाही. तिथे भिंत असते."

अशाच एका सकाळी त्या आल्या, खडू घेतला आणि माझ्या पोटावर घरे आखू लागल्या. एक उभी रेघ ओढली. आडव्या दोन ओढल्या, पण त्या मधूनच सुरू झाल्या आणि माझ्या डाव्या कुशीला जाऊन संपल्या. म्हणजे समोर उभ्या बाईंच्या उजव्या हाताकडचे तेवढे अर्धे पोट आखून झाले. बाईंनी खडू खाली ठेवला आणि विचारले, "सांगा, नऊ घरं कोणती?" मुली खुदखुदल्या. त्यांना ही चेष्टा वाटली. मग बाई वर्गाकडे जायला वळल्या आणि डाव्या खांद्याने सरळ जिन्याच्या खांबावर आदळल्या. थांबल्या, पुन्हा निघाल्या आणि पुन्हा आदळल्या. तेव्हा कोणी हसले नाही.

त्यानंतर बाई शाळेत आल्या नाहीत. मेंदूला झटका आला, असे मामा कोणाला तरी सांगताना मी ऐकले. त्यांची धाकटी बहीण त्यांच्या कपाटातल्या वस्तू न्यायला आली. बाई तिला धाकटे म्हणत, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. ती एका लॉन्ड्रीत काउंटरवर काम करी. दोघी बहिणी एकत्र राहत, तिसरे कोणी नव्हते. मामा तिला म्हणाला, "याला पण न्या ना. बाईंचा जीव होता याच्यावर. इथे राहिला तर भंगारात जाईल." धाकटीने माझ्या पोटावरची खडूची अर्धी घरे पाहिली आणि कपड्याने पुसायला हात उचलला. मग तिने तो तसाच खाली घेतला. ती बहिणीच्या हातची शेवटची रेघ होती.

घर दोन खोल्यांचे. बाहेर बाईंची खाट आणि खिडकी, खाटेच्या डाव्या हाताला स्वयंपाकघराचे दार. बाईंना मी ओळखीचा होतो. बोलणे शाबूत होते, आठवणी शाबूत होत्या, हातपाय हळूहळू का होईना चालत होते. फक्त जगाची डावी बाजू त्यांच्यासाठी उरली नव्हती. ताटातला उजवीकडचा भात संपवून त्या म्हणत, "धाकटे, आज एवढंच?" धाकटी ताट अर्धे फिरवे आणि भात पुन्हा उगवे. केस उजवीकडचेच विंचरलेले, सदऱ्याची डावी बाही रिकामी लोंबणारी. दाराच्या चौकटीवर खांदा आपटला की त्या सुताराला नावे ठेवत. "मला काय झालंय?" असे त्या इतक्या खात्रीने विचारत, की ऐकणाऱ्याला क्षणभर आपलेच काही बिघडले आहे असे वाटावे.

आठवड्यातून एकदा त्यांना व्यायाम शिकवायला एक व्यायामवाली येई. तिने धाकटीला बाजूला घेऊन सांगितले, "डावीकडचं लक्षात यायला लागलं तर त्या घरात एकट्या राहू शकतील. नाही आलं तर नाही. शेगडी आहे, जिना आहे. मग त्यांना सेवागृहात ठेवावं लागेल." धाकटीने मान हलवली. लॉन्ड्रीच्या मालकाने तिला सुट्टी दिली होती, पण सुट्टी म्हणजे काही जन्माचे आंदण नव्हे. ती कामावर गेली नाही तर घर चालणार नव्हते आणि गेली तर बाईंजवळ कोणी नव्हते. आपल्या घरात, आपल्या खाटेवर बाई राहणार की नाही, हे सगळे त्या एका बाजूवर येऊन अडले होते.

तेव्हा धाकटीला माझी आठवण झाली. मी कोपऱ्यात होतो. तिने मला ढकलत आणले आणि खाटेसमोर, बाईंकडे तोंड करून उभे केले. झाकण काढले. "ताई, आता मी विद्यार्थिनी. तू मला शिकव. हात लावून एकेक सांग."

बाई उठल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. कितीतरी दिवसांनी त्यांचा वर्गातला आवाज मी ऐकला. "हा डावा खांदा. हा डावा दंड, हे कोपर, हे मनगट. हे डावं फुफ्फुस. हे हृदय, डावीकडे झुकलेलं. हे जठर. ही प्लीहा, डाव्या बरगड्यांच्या आड."

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. डावा, डावे, डावी. जे महिनोन्महिने बहिणीच्या लेखी नव्हते, ते तिच्या तोंडून धडाधड येत होते. "आणि यकृत, ताई?" तिने विचारले. बाईंचे बोट पुन्हा जठरावरच आले. धाकटीला वाटले, एखादी गोष्ट विसरणारच माणूस. एवढ्या आजारातून उठली आहे.

मित्रांनो, मला पहिल्याच दिवशी कळले. माझ्याइतके ते कोणाला कळणार? बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. माझी डावी बाजू त्यांच्या उजव्या हाताला होती. त्यांना दिसत होते ते त्यांचे उजवेच, आणि जन्मभर पाळलेल्या नियमाने त्या त्याला बिनचूक माझे डावे म्हणत होत्या. यकृत माझ्या उजवीकडे आहे, म्हणजे त्यांच्या नसलेल्या बाजूला. माझ्या घशात स्वरयंत्र आहे, तेही काढून हातात देता येते. पण त्याला आवाज नाही. मी तळहात पुढे करून उभा राहिलो.

रोज सकाळी हा पाठ चालू झाला. बाईंना त्यात रंग चढे. धाकटी शेजारणीला सांगे, "आता डावं सगळं येतं तिला. पुतळ्याचा पायगुण म्हणायचा." शेजारीण म्हणे, "पण त्याला पाय कुठे आहेत?" दोघी हसत. व्यायामवाली त्या दिवसांत आपल्या आईच्या आजारपणासाठी परगावी गेली होती, नाहीतर तिने हे तेव्हाच पाहिले असते. धाकटीने तिची वाट पाहिली, मनाशी ठरवले आणि कामावर रुजू झाली. जाताना बाईंना म्हणाली, "दुपारचं झाकून ठेवलंय. शेगडीला हात लावू नकोस हं." बाई म्हणाल्या, "मी काय कुकुलं बाळ आहे?"

दुपारी बाईंना दूध गरम करावेसे वाटले. स्वयंपाकघर माझ्या नजरेला पडत नाही. मी फक्त ऐकले. भांडे ठेवल्याचा आवाज, दूध उतू गेल्याचा फसफसाट, मग भांडे उतरवल्याचा आवाज. ओरडणे नाही, विव्हळणे नाही. बाई पेला घेऊन आल्या, खाटेवर बसल्या आणि निवांत दूध प्यायल्या. डावा हात त्यांच्या मांडीवर कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडला होता. तळवा आणि बोटे लाल झालेली. सबंध दुपारभर त्यावर फोड उठताना मी पाहिले. त्यांनी एकदाही तिकडे पाहिले नाही. धाकटी घरी आली, पिशवी टेकवली आणि दारातच थिजली.

हाताला पट्टी बांधून झाली. व्यायामवाली परत आली होती, तिला हात भाजल्याचे समजले. धाकटी पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "पण ती डावं सगळं सांगते. तुम्ही ऐका तरी. ताई, सांग ना गं." बाईंनी सांगितले. डावा खांदा, डावे फुफ्फुस, हृदय, जठर, प्लीहा. एकही चूक नाही.

व्यायामवालीने बाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने माझा पाट धरला आणि मला फिरवून बाईंकडे पाठ करून उभे केले. "आता सांगा, बाई."

"हे उजव्या खांद्याचं पातं," बाई म्हणाल्या. "उजव्या बरगड्या. उजवं कोपर. उजवी कंबर." त्यांचे बोट माझ्या कण्यापर्यंत आले आणि तिथे थांबले. "झालं."

"इकडे काही नाही?"

"कुठे?"

 मग धाकटी हळू म्हणाली, "म्हणजे मी रोज तिचं उजवंच तपासत होते." व्यायामवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "खूप महिने झाले आता," ती म्हणाली. "यापुढे फार फरक पडेल, असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू?" बाई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. "मी बरोबरच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पुतळ्याचं डावं ते पुतळ्याचं डावं." आणि मित्रांनो, बाई खरेच चुकल्या नव्हत्या. साऱ्या जन्मात त्या डाव्या-उजव्यात कधी चुकल्याच नाहीत.

सेवागृहाची गाडी आली त्या सकाळी धाकटीने त्यांना दोन्ही बाह्या घालून दिल्या, दोन्हीकडचे केस विंचरले. निघताना बाई थांबल्या. म्हणाल्या, "याचा निरोप घेते." त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, जशा त्यांच्या मुली राहत तशा. माझ्या उजव्या खांद्यावर त्यांचा उजवा तळवा टेकला. तो उबदार होता.

"हा उजवा," बाई म्हणाल्या.

धाकटीने वाट पाहिली. मीही पाहिली. एवढ्या वर्षांत माझा डावा खांदा त्या सकाळइतका मला कधी जाणवला नव्हता. "आणि ताई?"

"आणि काय?"

धाकटीने पट्टी बांधलेला तो डावा हात हळूच उचलला आणि माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. बाईंची मान तिने हलकेच तिकडे वळवली. बाई त्या हाताकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"हा कोणाचा हात?" त्यांनी विचारले.

धाकटी म्हणाली, "माझा आहे, ताई."

"थंड पडलाय. घाल खिशात," बाई म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

आता मी त्याच खोलीत, रिकाम्या खाटेसमोर उभा आहे. पोटावरची खडूची घरे अजून आहेत. धाकटी बाकी सगळे पुसते, तेवढे सोडून देते. अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला विनवतो, की आम्हाला जपा, आमची धूळ झटका. माझी तशी काही विनवणी नाही. मला झटकून आता कोणाचे काही भले होणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे अर्धे उरले असेल, तर समोर उभे राहून त्याचे डावे-उजवे ठरवू नका. त्याच्या मागे जा, खांद्यांवर हात टेका आणि त्याचे जग कुठवर आहे ते तिथून बघा. बघितल्याने गेलेले काही परत येत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. निदान आपण कुठे बसायचे, तेवढे कळते.

धाकटी दर सुट्टीला सेवागृहात जाते आणि बाईंच्या उजवीकडे स्टूल ओढून बसते. पहिल्या खेपेला ती चुकून डावीकडे बसली होती. हे तिने मला पुसता पुसता सांगितले. सबंध वेळ ती बोलत होती, बाईंचा तो हात हातात घेऊन बसली होती. बाई उजवीकडच्या दाराकडे बघत राहिल्या. आणि ती उठून निघाली, तेव्हा औषध घेऊन आलेल्या नर्सला त्या म्हणाल्या, "आज धाकटी आली नाही."